ट्राउट आणि बासला एकच हलका फायबरग्लास स्पिनिंग रॉड चालेल का?

मालवणी_गरी
नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत फ्लेमिंग्टनच्या बाजूला राहते, साउथ ब्रँच रारिटन घरापासून जवळच आहे. माहेर मालवण, त्यामुळे गरवायची सवय लहानपणापासूनची, पण तिकडे नुसता दोरा आणि गरी, रॉड-रील हे सगळं इकडे आल्यावर शिकले. सध्या ७ फुटी ग्राफाइट मीडियम-फास्ट रॉड आहे. तळ्यात बासला एकदम मस्त, पण एप्रिलमध्ये ट्राउटसाठी १/१६ औंसचा स्पिनर (फिरत्या पात्याचं छोटं आमिष) लावला की रॉडला त्याचं वजनच कळत नाही, फेक जवळच पडते, आणि रेनबो ट्राउट लागला तरी पायाशी येऊन उडी मारतो, डोकं झटकतो की सुटलाच. काल दुकानात ग्लासचा, म्हणजे फायबरग्लासचा, हलका रॉड हातात घेतला तर मुठीपर्यंत वाकत होता, आवडला पण शंका आली की याने बास काय निघणार? मला दोन्हीला मिळून एकच हलका रॉड हवाय, लेकही वापरेल, १० वर्षांचा आहे. किती फुटी घेऊ, लाईन कुठली, आणि ग्लास खरंच घ्यावा का ते सांगा.

डेलावेअरकाठचा
ताई, घ्या. तुमचे ट्राउट का सुटतात ते तुम्हीच लिहिलंय. ट्राउटच्या तोंडाची कातडी मऊ, स्पिनरचा ट्रेबल (तीन टोकांचा) हुक बारीक, आणि फास्ट ग्राफाइट फक्त टोकाला वाकतो. मासा लांब असतो तोवर लाईन ताणली जाऊन थोडं सांभाळून घेते पण पायाशी आला की मध्ये लाईनच उरत नाही, मग त्याने डोकं झटकलं की सगळा झटका सरळ हुकाच्या भोकावर, भोक मोठं होतं आणि हुक पडतो. ग्राफाइट म्हणजे कार्बनचा धागा, तो काचेच्या धाग्यापेक्षा तिपटीहून ताठ असतो, म्हणून ग्राफाइट पटकन सरळ होतो, ग्लास सावकाश वाकतो आणि सावकाशच सरळ होतो, प्रत्येक झटका तो मधल्या भागात जिरवतो. फेकीचंही तेच, हलक्या स्पिनरच्या वजनाने सुद्धा ग्लास वाकतो म्हणून तो लांब जातो. फक्त मनगट झटकू नका, रॉड मागे नेऊन त्याला वाकायला वेळ द्या आणि मग पुढे सोडा. पहिल्या दिवशी हात घाई करतोच, नंतर बसतं.

६ ते साडेसहा फूट, लाईट पॉवर, लूर रेटिंग (झेपणाऱ्या आमिषाचं वजन) १/१६ ते १/४ औंस, रील १००० किंवा २००० साइज, लाईन ४ पाउंड ताण सोसणारी मोनो (एकेरी नायलॉन दोरी). त्याहून हलका अल्ट्रालाइट घेऊ नका, बासला कमी पडतो.

कार्बनवाला
मी थोडा उलट बोलतो. ट्राउटला ग्लास उत्तम, मान्य, पण बासचं काय ते कोणी सांगितलंच नाही. लार्जमाउथ बास गवतात, पडलेल्या झाडाखाली बसतो, तिथे आपण प्लास्टिकच्या अळीत एकच जाड हुक लपवून टाकतो, तो हुक आधी प्लास्टिकमधून आणि मग बासच्या कडक जबड्यात घुसवायचा असतो. त्याला जोर लागतो तो हलक्या ग्लासमध्ये नाही, तुम्ही हिसका द्याल आणि रॉड नुसता वाकेल, तोवर बास गवतात गुरफटलेला असेल. शिवाय तळाशी जिग (वजनदार डोक्याचा हुक) ओढताना दगड लागला का मासा हुंगतोय हे ग्लासमधून हाताला नीट कळत नाही. आणि त्याच लांबीला ग्लास जड, लेकाच्या हाताचा विचार करा. तुमचा ७ फुटी अजिबात विकू नका.

डेलावेअरकाठचा
@कार्बनवाला बरोबर आहे तुझं, अळी आणि जिगला ग्लास नाहीच. पण बास म्हणजे फक्त अळी नाही रे. छोटा क्रँकबेट (ओढलं की बुडी मारणारा नकली मासा), इनलाइन स्पिनर, छोटा पॉपर (पाण्यावर तरंगणारं आमिष), या सगळ्याला ट्रेबल हुक असतात, तिथे जोरात हिसका द्यायचाच नसतो, मासा स्वतःच वळतो आणि हुक बसतो. मोठे बासवाले सुद्धा क्रँकबेटला मुद्दाम ग्लास वापरतात, कारण ताठ रॉडने आमिष माशाच्या तोंडातून आधीच ओढलं जातं. म्हणून मी म्हणेन मासा कुठला यापेक्षा हुक कुठला ते बघा. ट्रेबल आणि बारीक हुक असेल तर ग्लास, जाड एकेरी हुक असेल तर ग्राफाइट.

जुलै-ऑगस्टमध्ये डेलावेअर नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून छोट्या स्पिनरवर स्मॉलमाउथ बास, हातात हलका ग्लास, प्रवाहात आडवा झालेला मासा आणि मुठीपर्यंत वाकलेला रॉड. ताई, हे एकदा कराच.

पोकोनोज_पाटील
लेकासाठी तर ग्लासच. दगडावर आपटला, गाडीच्या दारात टोक अडकलं, तरी ग्लास बरंच सोसतो, ग्राफाइटला बारीक चीर गेली की पुढच्या मोठ्या माशाला तिथूनच मोडतो. बजेट कमी असेल तर ईगल क्लॉचा पिवळा फेदरलाइट बघा, ग्लासच आहे आणि स्वस्त आहे. अग्ली स्टिकही लोक सुचवतील, १९७६ पासून येतो आणि दणकट आहे, पण तो ग्लास-ग्राफाइट मिश्र, त्याचा वाक वेगळा, शुद्ध ग्लास समजून घेऊ नका. आणि कुठे एस-ग्लास लिहिलेलं दिसलं तर ते साध्या ई-ग्लासपेक्षा ताठ आणि मजबूत, किंमतही जास्त.

लाईनबद्दल माझं मत वेगळं. ग्लासही वाकतो आणि मोनोही ताणते, त्यामुळे लांबवर मासा लागला की हुक बसेपर्यंत उशीर होतो. बासच्या दिवसांत बारीक ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे ६ पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर (लाईनच्या टोकाचा वेगळा तुकडा) बांधा, ब्रेड ताणत नाही आणि रॉड झटका जिरवतो, जोडी जमते. एप्रिलमध्ये ट्राउटला मोनोच बरी. दोन स्पूल ठेवल्या की झालं.

दुकानात रॉडचं टोक छताला टेकवून वाकवू नका, तिथे उगाच मोडतात. रील लावून बघा, लाईन रिंगांमधून काढून कोणाला तरी टोक धरायला सांगा आणि हळूच ओढा, वाक टोकापासून मधल्या भागापर्यंत सलग यायला हवा, मध्येच कोपरा दिसला तर तो रॉड ठेवून द्या.

मालवणी_गरी
खूप धन्यवाद सगळ्यांना, आता डोक्यात स्पष्ट झालं. साडेसहा फुटी लाईट ग्लास घेते, ७ फुटी ठेवते. लेकाला लायसन लागेल का? आणि हुक जरा बदलावा का ट्राउटला?

डेलावेअरकाठचा
१६ च्या खाली लायसन लागत नाही, तुम्हाला मात्र लायसनबरोबर ट्राउट स्टॅम्पही (ट्राउटसाठीचा वेगळा परवाना) हवा. ट्रेबल काढून एकच बार्बलेस (उलटा काटा, म्हणजे बार्ब, नसलेला) हुक लावला तर सोडायचा मासा पटकन सुटतो, आणि ग्लास ताण सैल होऊ देत नाही म्हणून बार्ब नसला तरी फारसे पडत नाहीत. १५ एप्रिल ते १५ जून बास लागला तर लगेच सोडायचा, तो त्यांचा अंडी घालायचा काळ असतो. आणि पाणी ६८ फॅरेनहाइटच्या वर गेलं की ट्राउटला हात लावू नका, सोडला तरी जगत नाही बऱ्याचदा. एक छोटा थर्मामीटर खिशात ठेवा, तेवढं गरम झालं की त्याच रॉडने बासकडे वळा.