क्लॅनाड, आनोहाना, एप्रिल, व्हायोलेट: रडू हक्काचं की हुकमी?

कोरडाठाक (धागाकर्ता)

पुढे चारही मालिकांचे शेवट उघड केलेत. पाहायच्या बाकी असतील तर इथूनच मागे फिरा.

'भावनिक अ‍ॅनिमे सुचवा' म्हटलं की चार नावं ठरलेली: क्लॅनाड आणि तिचा दुसरा सीझन आफ्टर स्टोरी (२००७ ते २००९), आनोहाना (२०११), युअर लाय इन एप्रिल (२०१४-१५), व्हायोलेट एव्हरगार्डन (२०१८). का बघायच्या? तर म्हणे खूप रडवतात. माझा आक्षेप इथेच आहे. पडद्यावर कोणी हुंदके देतंय आणि मागे पियानो वाजतोय म्हटल्यावर डोळे भरणारच. आपल्या संध्याकाळच्या मालिकाही तेच करतात, त्यांना आपण नावं ठेवतो.

माझी कसोटी अशी. गाजलेला प्रसंग आवाज बंद करून, नुसत्या सबटायटलवर बघायचा. मग स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या. इथे जे घडतंय त्याची पेरणी आधीच्या किती भागांत झाली होती? आणि पात्रं रडायच्या आधी आपल्या पोटात कालवलं, की ती रडली म्हणून?

आनोहाना इथे पडते. भाग ११, पात्रं सहा. अपघातात गेलेली मेनमा फक्त तिच्या बालमित्राला, जिंताला, दिसते आणि तिची इच्छा पुरी झाल्याशिवाय ती सुटणार नाही, एवढ्यावर सगळा डोलारा. ती इच्छा कोणती? जिंताच्या आजारी आईला दिलेला शब्द, की मी जिंताला रडायला लावीन. आणि हे ठळकपणे कळतं कधी, तर शेवटच्या भागात. त्याआधी मंडळी फटाक्याच्या रॉकेटमागे धावत असतात. मग वीसेक मिनिटांत कबुल्या, चिठ्ठ्या, लपाछपी, आणि पाच जण एकदम गळा काढतात. आवाज बंद केला की नुसती वासलेली तोंडं उरतात.

आफ्टर स्टोरीचा १८ वा भाग मात्र पूर्ण गुणांनी पास. बायको नागिसा बाळंतपणात गेल्यावर तोमोयाने मुलगी उशिओ पाच वर्षं सासू-सासऱ्यांकडे टाकलेली. सासू सानाए युक्तीने दोघांनाच सहलीला धाडते. तिथे मुलगी हरवलेला खेळण्यातला रोबो शोधत बसते, कारण बाबांनी पहिल्यांदा घेऊन दिलेली वस्तू ती. सानाएने तिला सांगितलंय की रडायचं ते संडासात किंवा बाबांच्या कुशीत. हे वाक्य ती साध्या आवाजात सांगते आणि तिथेच आपण संपतो.

आणि एवढं कमावून स्टुडिओने २२ व्या भागात सगळं पुसून टाकलं. नागिसा जिवंत, पुढे दगावलेली उशिओही जिवंत, जणू काही झालंच नाही. मग नागिसाच्या मृत्यूपासूनच्या १६ ते २१ या भागांना अर्थ काय राहिला?

---

निमूट

पुसलं कुठे? पहिल्या सीझनच्या पहिल्या भागापासून ते ओसाड जग दाखवत आलेत: एक मुलगी, भंगारातून जोडलेला रोबो आणि प्रकाशाचे गोळे. इतक्या आधी पेरलेली गोष्ट आयत्या वेळी आणलेली कशी?

शिवाय शाळेचा चढ विसरलात. तिथेच दोघं पहिल्यांदा भेटली. नागिसा गेल्यावर तोमोयाच्या मनात येतं की त्या दिवशी तिला हाक मारलीच नसती तर बरं, निदान ती जगली असती. २२ व्या भागात तोच चढ पुन्हा समोर येतो. सगळा परिणाम ठाऊक असूनही तो धावत जाऊन तिला मिठी मारतो. निवाडा इथे होतो. पुढचं सुख हे त्या निवडीचं फळ आहे. तो गप्प उभा राहिला असता तर काहीच परत मिळालं नसतं.

---

कोरडाठाक

@निमूट, चढाचा मुद्दा पक्का आहे, मान्य. पण मग चढावरच थांबायचं होतं. मिठी, पडदा काळा, संपलं. पुढची आंघोळ घातलेली बाळ उशिओ दाखवून त्या निवडीचा धोकाच काढून घेतला. दुःखाची तयारी ठेवून हो म्हणणारा माणूस मोठा. त्याला लगेच बक्षीस दिलं की तो लहान होतो.

---

तिसरी_घंटा

दोघांचं भांडण मुळात माध्यमाचं आहे. क्लॅनाड हा आधी 'की' (Key) या कंपनीचा २००४ चा संगणकावरचा खेळ, व्हिज्युअल नॉव्हेल. म्हणजे वाचत जायचं आणि मधेमधे पर्याय निवडायचे. त्यात फूको, कोतोमी, तोमोयो अशा प्रत्येकीची वाट वेगळी. वाट नीट पुरी केली की प्रकाशाचा एक गोळा मिळतो. नागिसाच्या वाटेवर पहिल्या खेपेला ती मरतेच. खेळाडू बाकीच्या वाटा खेळतो, गोळे जमवतो, परत येतो, तेव्हा कुठे शेवट बदलतो. तिथे चमत्काराची किंमत खेळाडूने खरोखर भरलेली असते: अनेक तास, अनेक माणसांची कामं.

अ‍ॅनिमेत पर्यायच नाहीत. सगळ्या वाटा एकाच कालरेषेत ओवल्या. त्यामुळे गोळे येतात, पण ते मोजणारा कोणी उरत नाही. पटकथाकार फुमिहिको शिमो आणि दिग्दर्शक तात्सुया इशिहारा यांनी पेरणी प्रामाणिकपणे केली, पण हिशेब दाखवायला जागाच नव्हती. म्हणून निमूटना शेवट न्याय्य वाटतो आणि कोरडाठाकना फुकटचा वाटतो. खेळ खेळलेल्यांत ही तक्रार फार ऐकू येत नाही ती यामुळे.

आणि १८ व्या भागाचं श्रेय निम्मं १९ व्याला द्या. १८ व्यात तोमोयाची आजी त्याला त्याच्या बापाची बाजू सांगते: तोही तरुणपणी बायको गमावून पोराला घेऊन राहिलेला. पहिल्या सीझनभर ज्या बापाशी हाडवैर, ज्याच्याशी झटापटीत खांदा कायमचा गेला, त्याला १९ व्या भागात तोमोया 'आता पुरे, घरी जा' म्हणून निरोप देतो. २२ व्या भागाने नागिसा परत दिली तरी या समेटाचा कस कमी होत नाही. रडण्यापलीकडे मालिकेचं खरं काम हे आहे.

---

मधलीसुट्टी

आनोहानावर अन्याय होतोय. शेवटचा भाग आरडाओरड्याचा आहे, कबूल. पण ती मालिका दुःखातल्या हेव्याबद्दल आहे आणि अशा मालिका मोजक्याच. सहांतलाच युकिआत्सु मेनमासारखा झगा आणि विग घालून रानात फिरतो, कारण ती आपल्याला न दिसता जिंताला दिसते हे त्याला सोसवत नाही. शेवटी सगळे कबूल करतात की तिला सोडवायचं होतं ते स्वतःच्या सोयीसाठी: कोणाला ती वाटेतून जायला हवी होती, कोणाला आपला अपराध धुवायचा होता. मारी ओकादाच्या लेखणीची धार इथे दिसते.

आणि मेनमाची आई! मुलीचे मित्र मोठे होऊन दारात आले म्हणून तिचा संताप होतो. तुम्ही वाढलात, माझी तेवढीच राहिली. हा प्रसंग तुमच्या कसोटीला लावा, आवाज बंद करून. पास होतो की नाही सांगा.

---

कोरडाठाक

आईचा प्रसंग पास. अकरावा भाग नापासच. तपशील चांगले असूनही मालिका शेवटी ढासळू शकते, माझं म्हणणं तेच.

---

सातवा_सूर

'आवाज बंद करा' ही कसोटी एप्रिलला लावणार कशी? तिथे वादन हेच कथानक आहे. नायक कोउसेइला स्वतःचा पियानो वाजवताना ऐकू येत नाही. बोटांखाली पट्ट्या दबतात आणि सूर पाण्यात बुडाल्यासारखे नाहीसे होतात. हे आवाजाशिवाय कळायचं नाही.

वादनाची निवडही उगीच केलेली नाही. २ ऱ्या भागात व्हायोलिन वाजवणारी नायिका काओरी बेथोवनचा क्रॉइट्झर सोनाटा लिहिल्याबरहुकूम न वाजवता स्वतःच्या चालीने उधळते. स्पर्धेत हा गुन्हा, कारण परीक्षक स्वरलिपीला धरून गुण देतात. ४ थ्या भागात सॅं-सांसच्या रचनेत साथीला बसलेला कोउसेइ मधेच थांबतो, मग तीही थांबते आणि दोघं पुन्हा सुरू करतात. स्पर्धेच्या नियमाने तिथेच बाद. १३ व्या भागात क्राइस्लरची 'प्रेमाचं दुःख', जी त्याची आई वाजवायची. आणि २२ व्या भागात शोपॅंचा पहिला बॅलाड, जी मायनर: संथ, चाचरती सुरुवात आणि कोसळता शेवट. काओरीचं ऑपरेशन आणि वादन एकाच वेळी चाललेलं आहे. ती कल्पनेत येऊन साथ करते आणि विरून जाते. निरोप वादनातच होऊन जातो. हे संगीताने केलेलं बांधकाम आहे. त्याला पार्श्वसंगीताची लबाडी म्हणू नका.

दोष सांगायचा तर वेगळा आहे. वाजवताना पात्रं मनात बोलतच सुटतात. शोपॅंचा एट्यूड जेमतेम काही मिनिटांचा, त्यात एवढं स्वगत कोंबतात की सूर खाली दबतात. एमी आणि ताकेशी या कोउसेइच्या प्रतिस्पर्ध्यांची वादनं त्यामुळे निम्मी वाया गेली.

---

पावशेर

स्वगताचं सोडा. एप्रिलची मोठी चूक कोणी बोलतच नाही. कोउसेइची आई त्याला शिकवताना मारते, रक्त येईपर्यंत. तो सगळा आघात गंभीरपणे दाखवलाय. आणि त्याच भागांत काओरी त्याला लाथा घालते, शेजारची मैत्रीण त्सुबाकी बदडते, आणि ते विनोद म्हणून! डोळे मोठे, चेहरा वाकडा, टेंगूळ. मार खाल्लेल्या पोराला पुन्हा मारून हशा मागायचा आणि पाच मिनिटांनी त्याच माराबद्दल आपल्याला रडायला सांगायचं. मूळ मांगा (जपानी कॉमिक) शोनेन, म्हणजे किशोर मुलग्यांसाठीच्या, मासिकातला, तिथली ही सवय आहे. कागदावर एका चौकटीत ती खपते. पडद्यावर आवाजासकट आली की मागचा प्रसंग मोडतो.

दुसरं, काओरीचा आजार. नाव नाही, निश्चित लक्षणं नाहीत. पाय लटपटतात, हात जातो, कथेला हवं तेव्हा बिघडतं, हवं तेव्हा ती गच्चीवर उभी राहते. नागिसाचंही तेच: लहानपणापासून 'अशक्त', ताप येतो, शाळेचं वर्ष बुडतं. मुलगी मरते आणि मुलगा शहाणा होतो, हा साचा चारातल्या तीन मालिकांत आहे. काओरीचं पत्र सुंदर आहे, पण तिची बाजू आपल्याला ती मेल्यावरच कळते. २२ भागांत एक भाग पूर्ण तिच्या नजरेतून द्यायला काय झालं होतं?

---

सातवा_सूर

@पावशेर, मारामारीच्या विनोदाबद्दल बिनशर्त सहमत. पत्राबद्दल नाही. तिची नजर आधी उघड केली असती तर शीर्षकातला 'लाय' कुठे राहिला? तिने कोउसेइचा मित्र वातारी आवडतो असं खोटं सांगितलं, ते त्या पत्रात कळायला हवं. दुसऱ्यांदा पाहिलीत तर पहिल्या भागापासून तिचं प्रत्येक वाक्य दोन अर्थांचं निघतं.

---

लिंबूटिंबू

व्हायोलेट कोणी घेईना म्हणून लिहितो. कोरडाठाकांच्या कसोटीला तीच सगळ्यात चांगली उतरते. व्हायोलेट ही आधी सैन्यात असलेली, आता एका कंपनीत लोकांसाठी पत्रं लिहून देणारी मुलगी. १० वा भाग: आजारी आई व्हायोलेटला सात दिवस घरी बोलावून पत्रं लिहून घेते. छोटी अ‍ॅन चिडते, कारण आईचा उरलेला वेळ ही परकी बाई खातेय. पत्रं कोणाला, ते शेवटी कळतं: अ‍ॅनच्याच पुढच्या ५० वाढदिवसांना, वर्षाला एक. व्हायोलेट तिथे रडत नाही. कंपनीत परतल्यावर तिचा बांध फुटतो. आपलं पाणी आधी, तिचं नंतर. तुम्ही मागितलेला क्रम हाच ना?

त्रुटी: साचा लवकर कळतो. पाहुणं कुटुंब, न बोललेली गोष्ट, पत्र, अश्रू. तीन भाग सलग पाहिले की चौथ्याचा शेवट आधी सांगता येतो. क्योटो अ‍ॅनिमेशनचं चित्रण इतकं देखणं, की तळ्यावर छत्री घेऊन घेतलेली उडी लक्षात राहते आणि नाटककाराच्या मेलेल्या मुलीचं नाव राहत नाही.

---

तिसरी_घंटा

व्हायोलेटची खरी अडचण मेजर गिल्बर्ट. लहानपणी व्हायोलेट त्याला सैन्यात हत्यार म्हणून मिळते, तो तिला वाढवतो, आणि नातं शेवटी प्रेमाच्या कबुलीवर येतं. मालिका त्यावर प्रश्न विचारत नाही. मालिकेपुरतं चालून गेलं, कारण तो नाहीसा झालेला होता आणि ९ व्या भागात ती त्याच्याशिवाय जगायला शिकते. २०२० च्या चित्रपटाने त्याला जिवंत परत दिला. आफ्टर स्टोरीच्या २२ व्या भागावर रागावलेल्यांनी यावर दुप्पट रागवायला हवं. क्लॅनाडमध्ये गोळे तरी होते, इथे तर त्याला बेटावर लपवून ठेवला होता.

---

कोरडाठाक

रागावलोच आहे. चित्रपटात अ‍ॅनच्या नातीचा धागा सुंदर, तेवढाच ठेवायचा होता.

---

मधलीसुट्टी

नव्याने बघणाऱ्यांसाठी कामाचं. क्लॅनाडचे दोन्ही सीझन मिळून मुख्य भाग ४४, साधारण साडेसतरा तास. घाईत लोक पहिला सीझन गाळून आफ्टर स्टोरी उघडतात आणि मग म्हणतात काही वाटलं नाही. वाटणार कसं? नागिसाचं घर, बेकरी, लेकीसाठी तिच्या बापाने सोडलेलं नाटक आणि आईने सोडलेली शिक्षकी, सगळं पहिल्या सीझनमध्ये आहे. गाळायचंच असेल तर आफ्टर स्टोरीतले ५ ते ८ भाग (मिसाए आणि युकिने या दोन पात्रांच्या कथा) नंतरसाठी ठेवा. ९ पासून मात्र एकही सोडू नका. शाळा संपते, तोमोया वायरमनच्या हाताखाली रस्त्यावरचे दिवे बसवायला लागतो, बापाला अटक झाल्याने चांगली नोकरी हातची जाते. हे रटाळ वाटणारे भागच १६ व्याचं वजन पेलतात.

---

निमूट

५ ते ८ गाळायला सांगू नका हो, गावाशी असलेलं सगळ्यांचं नातं तिथेच पक्कं होतं. आणि २२ वा संपला की २३ आणि २४ लगेच लावू नका. २३ वा आधीच्या काळातली जोडकथा आहे, २४ वा निव्वळ उजळणी.