मदत हवी आहे : 'क्योल्न कॉन्सर्ट'मधल्या पियानोचा आवाज पियानोटेकमध्ये कसा आणावा?

राम राम मंडळी, परभणीहून लिहितोय. हात बसलाय पेटीवर. भजनाला पेटी, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड. खरा पियानो दोनदाच पाहिला, तोही लांबून.

जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटच्या १९७५ च्या, जर्मनीतल्या कोलोनमधल्या (क्योल्न म्हणजे हेच) रेकॉर्डिंगचा टोन हवाय. त्याने मागितला होता बोझेनडॉर्फर कंपनीचा मोठा पियानो, मंचावर आला सरावाचा छोटा. खर्ज पोकळ, वरचे सूर पत्र्यासारखे, पॅडल धड चालेना. मला नेमका तोच पत्रा पाहिजे. लोक गुळगुळीत पियानो शोधतात अन् मी भंगार शोधायलोय, म्हणून घरात हसतात.

आधी सालामँडर हा संगणकावरचा फुकटचा पियानो लावला. यामाहा सी-५ पियानोचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले सूर), १६ व्हेलॉसिटी लेयर (बोटाच्या जोराप्रमाणे वेगवेगळे). छान आहे, पण फारच ठणठणीत. इक्वलायझरने खर्ज कापला तर फोनवर ऐकल्यासारखं झालं. मग पियानोटेक या पियानोच्या सॉफ्टवेअरचं ट्रायल घेतलं. त्यात सॅम्पल नाहीत, आवाज जागेवर गणिताने तयार होतो, म्हणून हॅमर (तारेवर आपटणारी हातोडी) टणक करता येतो, तारा आखूड करता येतात. हॅमर टणक केला की वरचे सूर जवळ जातात, पण मधलं सप्तक टोचायला लागतं. त्यात ट्रायल २० मिनिटांत बंद पडतं, काही पट्ट्या मुक्या, अन् कूलरची घरघर हेडफोनमध्ये शिरते ती वेगळीच.

हॅमर, तारेची लांबी, की एका सुराच्या तीन तारांमधला बेसूरपणा, आधी कशाला हात घालू? आणि पियानोटेकच्या स्वस्तातल्या स्टेज आवृत्तीत भागेल का? वरच्या स्टँडर्ड आवृत्तीची किंमत बघून घाम फुटला. (मे महिन्यात इथं तो फुकटही फुटतो.)

नांदेडकर :
दादा, स्टेज घेऊ नका. तुम्ही जे फिरवताय ते त्यात मिळत नाही. आधी तारा आखूड करा, खर्ज पोकळ व्हायला लागेल. हॅमरचे स्लायडर तीन असतात : हळू, मध्यम, जोरात. फक्त जोराचा वाढवा. आणि राग मानू नका, डाव्या हाताने काय वाजवताय? जॅरेट त्या रात्री बहुतेक मधल्या पट्टीतच राहिला, डाव्या हाताने तेच तेच वळण ठोकत, कारण खाली दमच नव्हता. मिडीचे आकडेही बघा, म्हणजे कीबोर्ड प्रत्येक सुराचा जोर किती नोंदवतो ते. पेटीत जोर भात्याचा, बोटाचा नाही.

परभणीवाला :
बघितले. १२७ पैकी सगळे ७० ते ८५ च्या आत! म्हणजे जोराचा हॅमर कधी लागलाच नाही. डावा हात पार खाली होता, एक सप्तक वर आणला, कीबोर्डचा व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या किती जोराला किती आकडा, ते सेटिंग) बदलला. पत्रा वाजायलाय आता, थोडा थोडा. राहिलं पॅडल. माझं साधं स्विचवालं आहे, चालू नाहीतर बंद. त्यावर अर्धं पॅडल कुणी जमवलंय का?