मदत हवी आहे: खानापूर भागात नाट्यशिबिरासाठी मार्गदर्शक

नमस्कार मंडळी. आमचं खानापूर तालुक्यातलं हौशी मंडळ दरवर्षी जत्रेत नाटक करतं. पोरं पाठांतराला पक्की, पण माईकपुढून हलत नाहीत आणि समोरच्याचं वाक्य ऐकतच नाहीत! दिवाळीनंतर दोन दिवसांचं शिबिर घ्यायचंय. आवाज, हालचाल आणि मुख्य म्हणजे इम्प्रोव्हायझेशनमधून, म्हणजे लिहिलेल्या संवादांशिवाय ऐनवेळी सुचेल तसं करत, स्वतःचं नाटक उभं करणं. नुसतं व्याख्यान नको; आठवणी सांगून टाळ्या घेणारे पाहुणे खूप झाले. पुण्याचं ललित कला केंद्र, पणजीची कला अकादमी किंवा कर्नाटकातल्या हेग्गोडूची नीनासम ही नाट्यसंस्था इथं शिकलेलं कुणी बेळगाव-कोल्हापूरकडे आहे का? कन्नडमधून शिकवलं तरी चालेल, आम्हाला समजतं. जाण्यायेण्याचा खर्च, राहणं-जेवण आमच्याकडे. मानधन साधारण किती द्यावं, तेही सांगा.