तुम्ही कुणाला कुठलं पुस्तक दिलंत? (नाशिककरांसाठी अनुभव धागा)

परवा सावानात (आपल्या सार्वजनिक वाचनालयात) पुस्तक बदलायला गेले होते. पुढे उभे असलेले आजोबा म्हणाले, "काहीतरी चांगलं द्या." १८४० पासूनचं वाचनालय, चांगल्याला काय तोटा! पण चांगलं कुणासाठी, हे कळल्याशिवाय पुस्तक सुचवूच नये या मताची मी आहे. तर, तुम्ही कुणाला एखादं पुस्तक दिलंत किंवा कुणी तुमच्या गळ्यात मारलं, आणि पुढे काय झालं, ते लिहा. सिनेमावरचं असो, घरादाराच्या गोष्टीचं असो. नुसत्या याद्या नकोत.

माझ्यापासून सुरुवात. बारावी झाल्यापासून चिरंजीव पुस्तकाला शिवत नव्हते. एका रविवारी 'कागज के फूल' लावला. "फार संथ आहे" म्हणून अर्ध्यात उठला, पण 'वक्त ने किया' मधला तो वरून पडणारा प्रकाशाचा झोत त्याच्या डोक्यात राहिला. कसा केला म्हणे? कॅमेरामन मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांनी आत घेतलं, एवढं मला ठाऊक होतं. का केला, हे मात्र मला धड सांगता येईना. मग अरुण खोपकरांचं 'गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका' आणून टेबलावर ठेवलं. 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' हे त्यांनी एकाच शोकांतिकेचे तीन अंक म्हणून वाचलेत. पंधरा दिवस पुस्तक तिथेच पडून. वर चहाचा कप. परत करायला उचललं तर पानोपान पेन्सिलीच्या खुणा! वाचनालयाचं पुस्तक! आनंद मानावा की कान धरावा कळेना. शेवटी खोडरबर घेऊन मीच बसले.

द्राक्षबागवाला, पिंपळगाव
आमचं एकत्र कुटुंब, चौदा माणसं. मी विवेक शानभाग यांचं 'घाचर घोचर' वाचलं (मूळ कन्नड, मी इंग्रजीतून वाचलं). काका मसाल्याचा धंदा काढतो, पैसा येतो आणि घरातली माणसं हळूहळू वेगळीच होत जातात. पुस्तक एवढंसं, पण नंतर दोन दिवस जेवताना मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो. वहिनीला दिलं. ऐन गोडी छाटणीची गडबड, तरी तिने एका रात्रीत संपवलं. सकाळी चहा देताना फक्त म्हणाली, "भाऊजी, हे तुमच्या दादांना देऊ नका." आता औषधांच्या बिलांचा गुंता झाला की ती माझ्याकडे बघून "घाचर घोचर" म्हणते. दादा दरवेळी अर्थ विचारतो. कुणी सांगत नाही.

आळशी_वाचक
२०२१ च्या साहित्य संमेलनातून, आडगावहून, दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली. ज्यांनी सुचवली त्यांनी तरी वाचली होती का, देव जाणे. पिशव्या माळ्यावर आहेत. हव्या असतील तर घेऊन जा.

पंचवटीची मावशी
मी निवृत्त शिक्षिका. भाचीने सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू' दिलं. तनय आणि अनुजा, सख्खे भाऊ-बहीण, दोघंही घरी राहायला आलेल्या एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात. आधी तनय सांगतो, मग अनुजा. सुरुवातीला खरं सांगते, मिटून ठेवलं. भाचीचा दर रविवारी फोन, "मावशी, कुठवर आलीस?" एवढा पिच्छा तिने कधी कशाचा पुरवला नव्हता, म्हणून पुन्हा उघडलं. मला त्या दोघांपेक्षा त्यांचे आईवडीलच जास्त लागले. समोर सगळं घडतंय आणि घरात तेवढं सोडून बाकी सगळं बोललं जातंय. आमच्या वाड्यातही हेच होतं की.

वाचून झाल्यावर मीच फोन केला. पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोललो असू. नंतरचा तासभर दुसरंच काही. ते इथे लिहीत नाही.

आळशी_वाचक
मावशी, 'कोबाल्ट ब्लू' पिशवीत आहे बहुतेक. माळ्यावर चढतो.