पोरांनी गुन्हेगारांचं प्रोफायलिंग करणं खरंच असतं का?

सातरस्ता_वाचक: माझी पुतणी अकरावीला आहे, सध्या एफबीआयसाठी (अमेरिकेची तपास यंत्रणा) काम करणाऱ्या हुशार पोरांच्या थ्रिलर कादंबऱ्या नुसत्या खाऊन टाकतीय, कुणी चेहरा वाचतंय, कुणी खोटं पकडतंय, आणि आता म्हणतीय मला पण हेच करायचंय. खरंच असतं का ओ असं? पुढं काय शिकावं लागतं?

रात्रपाळी: पोरांची टीम वगैरे कादंबरीतच, एफबीआयचा एजंट व्हायलाच किमान २३ वय लागतं. पण प्रोफायलिंग, म्हणजे गुन्ह्यावरून गुन्हेगार कसा असंल ते ओळखणं, खरं आहे, त्यांचं बिहेवियरल सायन्स युनिट (वागणुकीचा अभ्यास करणारा विभाग) १९७२ मध्ये सुरू झालं. तिला न्यूयॉर्कमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्या ‘मॅड बॉम्बर’ची केस सांगा. १९५६ मध्ये एका मानसोपचारतज्ज्ञानं सांगितलेलं की माणूस सापडंल तेव्हा डबल ब्रेस्टेड कोट घालून, बटणं लावून असंल, आणि जानेवारी १९५७ मध्ये पोलीस दारात गेले तेव्हा तो पायजम्यात होता, पण कपडे बदलून आला तो तसाच कोट घालून! तरी तो सापडला, तो आधी कामाला होता त्या वीज कंपनीच्या जुन्या फायली चाळून, हे लोक विसरतात.

वाचनवेडी: दादा, तिला अडवू नका बरं का. बारावीनंतर सायकॉलॉजी घेऊन बीए करू द्या, मग गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत फॉरेन्सिक सायकॉलॉजीत (गुन्हे-तपासाशी जोडलेलं मानसशास्त्र) एमएससी आहे. तोवर सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात मानसशास्त्राचं कपाट बघायला न्या.

सातरस्ता_वाचक: लई भारी, रविवारी घेऊन जातो तिला. फायलींचं तर आजच सांगतो.