नवजात बाळाचे झटके: फक्त डोस कमी करून भागत नाही

नवजात बाळाला झटके (फिट) आले तर मोठ्यांचंच औषध वजनाप्रमाणे कमी करून द्यायचं, असं काहींना वाटतं. पण नवजात मेंदूची रसायनंच वेगळी वागतात. मोठ्यांमध्ये गाबा हे मेंदूतलं रसायन चेतापेशींना शांत करतं. नवजात पेशीत मात्र क्लोराइड जास्त साठलेलं असतं, कारण ते पेशीत आणणारा वाहक (एनकेसीसी१) जोरात असतो आणि बाहेर काढणारा वाहक (केसीसी२) अजून पुरता तयार नसतो. त्यामुळे गाबा काही पेशींना उलट चेतवू शकतं. आणि झटक्यांवरचं औषध फेनोबार्बिटाल तर गाबाचाच जोर वाढवतं! हातपाय झटकायचे थांबतात, पण ईईजीवर (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर) झटका चालूच, असं काही बाळांत दिसतं त्यामागे हेही एक कारण मानतात. म्हणून नुसतं बाळाकडे बघून 'थांबलं' म्हणू नये, ईईजी हवाच.

तरीही पहिलं औषध फेनोबार्बिटालच. २०२० च्या चाचणीत त्याने सुमारे ८० टक्के बाळांचे झटके २४ तास थांबले, लेव्हेटिरासिटाम या दुसऱ्या औषधाने २८ टक्के. एनकेसीसी१ रोखणाऱ्या ब्युमेटॅनाइड या औषधाची युरोपातली चाचणी थांबवावी लागली. फायदा दिसेना, शिवाय काही बाळांची श्रवणशक्ती गेली. उंदरांच्या पिल्लांत फेनोबार्बिटाल, फेनिटॉइन या झटक्यांवरच्या औषधांनी चेतापेशी मरतात हेही दिसलंय, त्यामुळे झटके थांबल्यावर औषध विनाकारण महिनोन्‌महिने चालू ठेवत नाहीत. अर्थात बंद करायचं ते डॉक्टरांनीच.