मदत हवी आहे: ओपन सोर्स प्रकल्प कुठला निवडू?

रानवारा
कोडमध्ये हातभार लावायला प्रकल्प शोधत दोन आठवडे गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) भटकतोय, काही ठरत नाही. ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे नवख्यांच्या कामांचं लेबल लावून शोधलं की ढिगाने सापडतात, पण कुठलाही उघडा, खाली दहा जण ‘मला द्या’ म्हणून आधीच हजर. सर म्हणाले मोठं नाव घे, म्हणून क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा मूळ कोड) उतरवायला लावलं. सकाळी उठून बघतो तर डिस्क भरून थांबलेलं. पुढच्या महिन्यात इंटर्नशिपचे अर्ज आहेत. प्लीज लवकर सांगा.

जुनं_खोड
भाषा कुठली येते? मशीन कसं आहे? कितवं वर्ष? क्रोमियमला १०० जीबी मोकळी जागा आणि किमान ८ जीबी रॅम लागते, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. वाचलं नाहीत का?

रानवारा
नाही वाचलं. सेकंड इयर, पायथन बऱ्यापैकी, सी प्लस प्लस परीक्षेपुरती. रॅम ८.

कोष्टी
लिबरऑफिस घ्या, ते फुकट ऑफिस सॉफ्टवेअर. नवख्यांसाठी ‘इझी हॅक्स’ म्हणजे सोपी कामं वेगळी काढून ठेवलीत. मीही तिथूनच शिकलो.

जुनं_खोड
अहो, ते मुख्यतः सी प्लस प्लस. ८ जीबीवर पहिलं बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं) लावून हा पोरगा तासन् तास बसून राहील.

कोष्टी
मग मराठी अनुवाद करा, बिल्ड लागत नाही. मराठीत माणसं कमी आहेत.

मृण्मयी
+१. फक्त ‘सेव्ह’ला ‘साठवा’ करू नका, ‘जतन करा’ रुळलंय.

कोष्टी
‘साठवा’ आमच्या आईलाही कळतं. ‘जतन’ लोणच्याचं करतात.

पवनचक्की
एसएसडी टाकून घ्या, लॅपटॉप पळेल.

अभ्यासू
गूगल समर ऑफ कोड बघा, ओपन सोर्समध्ये नवख्यांना काम देणारा गूगलचा कार्यक्रम. २००५ पासून चालू आहे, २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही नाही.

रानवारा
अहो, त्यालासुद्धा आधी प्रकल्प निवडावाच लागतो ना! माझा प्रश्न तोच आहे.

शमा_ताई
रानवारा, लेबल सोड. मी एक छोटी लायब्ररी सांभाळते. ‘मला द्या’ म्हणणारे बरेच येतात, पण ‘तुमची लायब्ररी वापरतो, इथे अडलो’ म्हणणारा आला की मी त्याच दिवशी उत्तर देते. प्रकल्प आवडला तरी आधी नवख्यांच्या बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल घ्या’ म्हणून पाठवलेला कोड) उघड. पहिलं उत्तर किती दिवसांनी आलं, कुठल्या शब्दांत आलं, ते बघ. तीन-तीन महिने कोणी बोललेलंच नसेल, तर नाव कितीही मोठं असो, तिथे जाऊ नकोस. रोज कुठलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतोस?

रानवारा
विशेष काही नाही. पुस्तकं किंडलवर टाकायला कॅलिबर.

शमा_ताई
अरे, मग अजून काय हवं! कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं, बरंचसं पायथन. नेहमीचं कॅलिबर इन्स्टॉल असलं की एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममधली एक सेटिंग) उतरवलेल्या सोर्स कोडकडे वळवायचा, पायथनमधले बदल लगेच दिसतात. कंपाइल करायची गरज नाही. त्याचे बग गिटहबवर नाही, लाँचपॅड या वेगळ्या साइटवर नोंदवतात, म्हणून तुझ्या लेबलांत ते दिसलं नसणार. आणि ‘रेसिपी’ बघ: वर्तमानपत्र उतरवून त्याचं पुस्तक बांधणारी छोटी पायथन फाइल. साइटची मांडणी बदलली की ती मोडते.

जुनं_खोड
हे पटलं. ८ जीबीत आरामात होईल.

रानवारा
ताई, रात्री बसलो. एका पेपरची रेसिपी चालवली तर मथळे येतात, पण आत बातमीऐवजी नुसती ‘हेही वाचा’ची यादी. साइटवर बातमीच्या डिव्हचा (पानाच्या त्या भागाचा) क्लास, म्हणजे कोडमधलं नाव, बदललाय, रेसिपीत जुनाच आहे. बदलून बघितला, बातमी आली. आता आधी लाँचपॅडवर बग टाकू की थेट पुल रिक्वेस्ट?